‘जरासं खाल्ल्यानं काय होतंय?’ : अन्नाची ॲलर्जी, न सोसणारं अन्न आणि कोल्हापुरी स्वयंपाकघरातले पर्याय

कोल्हापुरात पाहुण्याला ताटावरून सहजासहजी उठू देत नाहीत. “घ्या की ओ, जरासं खाल्ल्यानं काय होतंय?” हा आग्रह मनापासूनचा असतो. पण पंगतीत बसलेल्या तिघांसाठी त्याची तीन उत्तरं असू शकतात. दूध न पचणाऱ्याला जरासं बहुतेक वेळा चालतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चिमूटभर कूटही महागात पडू शकतं, आणि ते काही मिनिटांत कळतं. सीलिॲक हा आतड्याचा आजार असलेल्यानं गव्हाचा घास घेतला तर त्या दिवशी कदाचित काहीच होणार नाही, पण आतड्याचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

म्हणून ‘काय खायचं नाही’ याची यादी करण्याआधी आपलं दुखणं कुठल्या खात्यातलं आहे ते ठरवा. भांडी वेगळी करायची की नाही, इंजेक्शन जवळ ठेवायचं की नाही, हे सगळं त्यावरून ठरतं.

पायरी १ : खातं ओळखा

ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं कामाला लागतात आणि खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. ओठ-डोळे सुजतात, घशात खवखवतं, उलटी होते, दम लागतो. दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-अक्रोड, मासे, कोळंबी-खेकडे, गहू, सोयाबीन आणि तीळ हे नेहमीचे गुन्हेगार. इथे प्रमाणाचा भरवसा नसतो. मागच्या वेळी नुसती खाज आली म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल असं नाही.

न सोसणं, म्हणजे डॉक्टर ज्याला इनटॉलरन्स म्हणतात ते, मुख्यतः पोटाचं प्रकरण आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) आतड्यात कमी पडलं की लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि अर्ध्या तासापासून काही तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण जिवावर बेतत नाही, आणि तो प्रमाणावर अवलंबून असतो.

सीलिॲक हे तिसरंच खातं. गहू, सातू आणि राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. वजन न वाढणारं मूल, औषधानं न हटणारा रक्तक्षय, वर्षानुवर्षं ‘पोट नाजूक’ असणं अशा रूपांत ते लपलेलं असतं.

आता या तिन्हींत न बसणारे तोतये. अळूच्या फतफत्यानं घसा खाजला तर ती बहुधा ॲलर्जी नसते. पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात, म्हणून तर आपण अळू नीट शिजवतो आणि त्यात चिंच घालतो. तांबडा रस्सा ओरपताना नाक वाहतं ते तिखटानं. आंबा खाऊन ओठांच्या कडेला पुरळ आलं तर आधी देठाच्या चिकाचा संशय घ्या. तोच आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून, साल काढून फोडी खाल्ल्या तर पुष्कळांना काही होत नाही. मात्र ओठ सुजले किंवा घसा दाटला असेल तर हा प्रयोग घरी करू नका.

चौथा तोतया सगळ्यात फसवा, तो म्हणजे बंगडा. मासळी कोकणातून घाट चढून येते. वाटेत बर्फ कमी पडला की बंगडा, सुरमई, कुपा अशा माशांत जिवाणू हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, गांधी उठतात, डोकं ठणकतं, अगदी ॲलर्जीसारखंच. शिजवून-तळून हिस्टामिन जात नाही. ओळखायची खूण अशी, की त्याच खेपेचा मासा खाल्लेल्या दोघा-चौघांना एकदम त्रास होतो आणि पुढे ताज्या बंगड्यानं काही होत नाही. एवढ्यावरून जन्मभर मासे सोडलेले लोक आहेत.

तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. चपाती खाऊन काही होत नाही, नुसत्या व्यायामानंही काही होत नाही, पण चपाती खाऊन तास-दोन तासांत जोर-बैठका मारल्या की अंगभर गांधी आणि चक्कर, असा गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार आहे. हे जुळत असेल तर डॉक्टरांना क्रमानं सांगा : काय खाल्लं, किती वाजता, व्यायाम कधी. नाहीतर निदान निसटतं.

पायरी २ : रिॲक्शन आली तर

हा भाग खरं तर फ्रिजवर चिकटवायचा आहे.

फक्त थोड्या गांधी आणि खाज असेल, बाकी माणूस ठणठणीत असेल, तर डॉक्टरांनी दिलेली सेट्रिझीनसारखी गोळी चालते. चार तास लक्ष ठेवा. पण आवाज बसला, श्वासात शिट्टी वाजू लागली, जीभ सुजली, चक्कर आली, अंग गार पडलं, मूल एकाएकी मलूल झालं, किंवा गांधींबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन समजा. त्यावर पहिलं औषध एकच : ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या मधोमध बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गोळीनं खाज जाते; बंद होत चाललेला श्वास आणि कोसळणारा रक्तदाब तिला थांबवता येत नाही. गोळी देऊन वाट बघणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

ॲड्रिनलिनचा हिशेब किलोला ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर; मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५. परदेशात मिळतात तशी आपोआप टोचणारी पेनं आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत. त्यामुळे ज्याला एकदा गंभीर रिॲक्शन आली आहे त्यानं डॉक्टरांकडून ॲम्प्यूल आणि सिरिंज लिहून घ्यावी, आपल्या वजनाचा डोस कागदावर लिहून घ्यावा आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोर करून दाखवावं. घरातल्या दोघांना तरी ते यायला हवं. हे शिकल्याशिवाय अंदाजानं टोचू नका.

इंजेक्शन दिल्यावर माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर. उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, कारण रक्तदाब पडलेला माणूस उभा केला की कोसळतो. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या चोवीस तास अपघात विभाग असलेल्या दवाखान्यात न्या. कोल्हापूर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहे. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस लागू शकतो. बरं वाटलं म्हणून लगेच घरी परतू नका. काही तासांनी त्रास परत उलटू शकतो, म्हणून देखरेखीत ठेवतात.

पायरी ३ : वही, मग तपासणी

गंभीर रिॲक्शन आलेली नसेल तर दोन आठवडे वही ठेवा. चार रकाने पुरे : वेळ, पदार्थ, त्रास, त्रास सुरू व्हायला लागलेला वेळ. ‘मिसळ’ एवढंच लिहून उपयोग नाही. मिसळीत मटकी आहे, फरसाण आहे, फरसाणाचं तेल आहे, कटात कांदा-लसूण, खोबरं आणि तीळ आहेत, सोबत स्लाइस ब्रेड आहे. संशयित त्यातला एकच असतो. त्या दिवशी घेतलेली दुखण्यावरची गोळी, व्यायाम, जागरण हेही नोंदवा.

न सोसण्याचा संशय असेल तर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करा, मग थोड्या प्रमाणात परत आणा आणि तीन दिवस बघा. एकाच वेळी दूध, गहू, डाळी सगळं सोडलं तर बरं वाटेलही, पण कशानं ते कळणार नाही. झटक्यात त्रास देणाऱ्या पदार्थावर हा प्रयोग घरी करायचा नाही. तो दवाखान्यात, देखरेखीखाली वाढत्या मात्रेनं करतात आणि ॲलर्जी ठरवण्याची तीच सगळ्यात भरवशाची पद्धत आहे.

गव्हाच्या बाबतीत क्रम उलटा करू नका. सीलिॲकची टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी आणि त्यानंतरची दुर्बिणीची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. “चपाती बंद केल्यापासून बरं वाटतंय” म्हणत सहा महिन्यांनी आलेल्या माणसाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निदानासाठी परत काही आठवडे गहू खायला लावतात, आणि ते फार जिवावर येतं.

त्वचेवर टोचून करायच्या तपासणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. फुगवटा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आला तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं त्या पदार्थाची ओळख ठेवली आहे एवढंच. जो पदार्थ तुम्ही रोज खाता आणि पचवता तो केवळ अहवालात लाल दिसला म्हणून सोडू नका. शंभर-दोनशे पदार्थांची एकगठ्ठा पॅनेल त्यामुळेच गोंधळ वाढवतात. आयजीजी तपासणीवरून निघालेली पथ्याची यादी तर सरळ बाजूला ठेवा. आयजीजी हे ते अन्न खाल्ल्याचं चिन्ह आहे, आजाराचं नाही. लॅक्टोजसाठी श्वासातला हायड्रोजन मोजतात.

पायरी ४ : घरात नेमकं कुठं लपलंय?

ताटात दिसणारा शेंगदाणा कुणीही बाजूला काढेल. आपल्या स्वयंपाकात मारामारी आहे ती न दिसणाऱ्याशी, आणि तो तीन ठिकाणी असतो : वाटणात, तेलात आणि गिरणीत.

वाटण घ्या. पांढरा रस्सा दिसायला दुधाचा, पण त्यात दुधाचा थेंब नसतो. तो नारळाचं दूध, काजू किंवा मगज बी, खसखस आणि तीळ यांवर उभा असतो. म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्याला, फोडणी तुपाची नसेल तर, साधारणपणे चालेल आणि काजूची असलेल्याला तोच घातक. कांदा-लसूण चटणीत तीळ, खोबरं, खसखस, बऱ्याचदा मोहरी आणि हिंगही असतो. डबीतला हिंग निखळ नसतो. त्यात डिंकाबरोबर पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. सीलिॲकवाल्यांनी तांदळाच्या पिठातला हिंग लेबल वाचून घ्यावा.

तिळाची ॲलर्जी असेल तर वर्षाची चटणी घरची करा. तीळ वगळून तेवढ्याच वजनाचं सुकं खोबरं आणि धने वाटून वाढवा. तिळाचा स्निग्धपणा खोबऱ्यानं भरून निघतो, पण खोबरं लवकर खवट होतं, म्हणून वर्षाची एकदम न करता तीन-तीन महिन्यांची करा. आणि डंकावर कुटायला दिली तर आधीच्या गिऱ्हाइकाचे तीळ तुमच्या चटणीत येणार. थोडी चटणी असेल तर घरच्या मिक्सरवर वाटलेली बरी.

मिक्सरचं भांडंही तपासा. पात्याखालच्या रबरी रिंगेत कुटाचा लगदा अडकून बसतो. रिंग काढून धुतली नाही तर भांडं धुतलं असं म्हणता येत नाही. पाटा-वरवंट्याच्या टाक्यांतही तेच. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर वेगळं भांडं घ्या, त्याला रंगीत दोरा बांधा. हात साबण-पाण्यानं धुवा. सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही.

तेल : कारखान्यात पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात राहतं, आणि आपल्याकडे हौसेनं घाण्याचंच आणतात. शिवाय त्याच घाण्यावर सकाळी शेंगदाणा आणि दुपारी करडई निघते. त्यामुळे ‘घाण्याचं करडईचं घेतलं’ हा सुटकेचा मार्ग होत नाही. पाकीटबंद सूर्यफूल किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल घ्या.

गिरणी : सीलिॲकच्या माणसाची ज्वारी घरात शुद्ध असते आणि गिरणीत बाटते. आधीच्या गव्हाचं पीठ दगडांत, वरच्या पाळीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत साचलेलं असतं, तेच तुमच्या डब्यात पहिल्यांदा उतरतं. आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ दुसऱ्याला दिलं तरी गहू पूर्ण जात नाही. भागतं ते घरघंटीवर, तीही फक्त ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदळासाठी राखून ठेवली तर. शेजारणीला एकदा गहू दळू दिला की संपलं. लक्ष्मीपुरीतून आणलेली ज्वारी परातीत पसरून निवडा, कारण त्यात गव्हाचे दाणे सापडतातच. मग धुऊन, कडक वाळवून दळा.

चाळणी मात्र नवी आणा. जाळीत अडकलेलं पीठ धुऊन जात नाही. लाकडी पोळपाट-लाटणं आणि परातही वेगळी; तवा लोखंडी असेल तर तोही.

पायरी ५ : पर्याय

*गव्हाऐवजी.* इथे कोल्हापूरकराला अर्धी लढाई जिंकल्यासारखीच आहे, कारण भाकरी आपल्या हाडात आहे. अडचण येते ती पिठाच्या विरीची, म्हणजे चिकटपणाची. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरीला धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं; ते काम उकळतं पाणी करतं. दोन वाट्या पीठ परातीत घ्या, मध्ये खळगा करून पाऊण वाटी उकळतं पाणी ओता, उलथन्यानं कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग कोमट पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेनं तीन-चार मिनिटं मळा. कडा फुटत असतील तर एक तर पाणी पुरेसं गरम नव्हतं, किंवा पीठ जुनं आहे. पंधरा दिवसांपेक्षा जुन्या पिठाची विरी जाते, म्हणून थोडं थोडं दळा. भाकरी अजिबात जमत नसेल तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घालून दहा मिनिटं मुरू द्या, आणि प्लास्टिकच्या कागदावर लाटा.

उपीटाला तांदळाचा रवा किंवा वरई, शेवयांना तांदळाच्या शेवया. पुरणपोळीचा हट्ट धरू नका; बिनगव्हाची पोळी लाटताना रडू येतं. पुरण तेच करा, तांदळाच्या उकडीच्या पारीत भरून मोदकासारखं वाफवा. कटाची आमटी तर आहेच, हिंग तेवढा बघून घाला. आणि खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून विकतात, पण तो गहूच. ग्लुटेन त्यातही आहे. तसंच सातूचं पीठ आणि माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी.

*दुधाऐवजी.* आधी विचारा : लॅक्टोज की ॲलर्जी?

लॅक्टोज न सोसणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज चालतं. म्हशीच्या दुधात सुमारे ५ टक्के धरलं तर २०० मिलिलिटरला १० ग्रॅम. म्हणजे चहातलं दूध हा प्रश्नच नाही, आणि जेवणाबरोबर लहान पेलाभर दूध पुष्कळांना चालून जातं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून अर्धा लिटर धारोष्ण दूध रिकाम्या पोटी पिणं हा मात्र वेगळा मामला. दूध कच्चं असो, उकळलेलं असो किंवा ए टू असो, लॅक्टोज तेवढंच. दही-ताक बरं पडतं. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खातात आणि आपलं विकरही घेऊन येतात. पनीर आणि चक्क्यातलं बरंच लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं. तुपात ते जवळजवळ नसतं. फसगत होते ती खव्यात. एक लिटर म्हशीच्या दुधाचा पाव किलोच्या आसपास खवा होतो, म्हणजे नृसिंहवाडीला जाऊन पन्नास ग्रॅम पेढे खाल्ले की लहान पेलाभर दुधाच्या जवळपास लॅक्टोज पोटात. वर बासुंदी असेल तर रात्रीचा कार्यक्रम ठरलेला. लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, पोट फुगल्यावर नाही. लहान मुलांना जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे दूध न पचणं हे बहुधा तात्पुरतं असतं.

दुधाची ॲलर्जी असेल तर वरचं सगळं रद्द. दही, पनीर, खवा बंद; लोणी कढवल्यावर तळाला राहते ती बेरी म्हणजे दुधाचं प्रथिनच, त्यामुळे घरचं तूपही बंद. शेळीचं दूध हा पर्याय नाही, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला सोया, बदाम किंवा नारळाचं दूध वरचं दूध म्हणून देऊ नका. त्यासाठी प्रथिनं फोडलेली विशेष पावडर डॉक्टर लिहून देतात, आणि आईचं दूध चालू ठेवायचं असतं. मोठ्यांनी चहाला सोया दूध वापरावं. बदामाच्या दुधात प्रथिन नावालाच असतं. कॅल्शियमसाठी नाचणी : १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पावणेदोनशे. १०० ग्रॅम दुधात १२० च्या घरात असतं.

*शेंगदाणा, काजू.* कूट आपण भाजी, कोशिंबीर, खर्डा, साबुदाणा सगळीकडे लोटतो. घट्टपणासाठी त्याऐवजी डाळव्याची पूड घाला. एका वाटी कुटाला अर्धी वाटी पुरे, कारण ती पाणी जास्त ओढते. हरभऱ्याचीही ॲलर्जी नाही ना, तेवढं आधी तपासून घ्या. खमंगपणासाठी भाजलेलं सुकं खोबरं. शेंगा उकडून खाल्ल्या तर चालतील, हा समज सोडा. भाजण्यानं त्रासदायकपणा वाढतो हे खरं, पण उकडलेलीही सुरक्षित नसते. काजूची ॲलर्जी असलेल्याला पिस्ताही बहुधा चालत नाही.

पांढरा रस्सा सोडवत नसेल तर असा करा. अर्धा किलो मटणाच्या चार वाट्या अळणीला (मटण शिजवलेल्या पाण्याला) दोन मोठे चमचे तांदूळ तासभर भिजवून आणि दोन मोठे चमचे मगज बी एकत्र गंधासारखं वाटा. तुपावर किंवा तेलावर खडा मसाला, आलं-लसूण परतून हे वाटण घाला, मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. तांदळाचा कच्चेपणा गेला पाहिजे. मग अळणी, आणि सगळ्यात शेवटी एका नारळाचं दाट दूध. नारळाचं दूध पडल्यावर खळखळा उकळू दिलं तर रस्सा फुटतो. कडेला बुडबुडे आले की उतरवा. काजूचा गुबगुबीतपणा येत नाही हे कबूल. रस्सा थोडा पातळ आणि स्वच्छ लागतो, आणि काहींना तोच जास्त आवडतो.

*अंडं.* केकमध्ये एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून.

*कांदा-लसूण.* यातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकानं पोट फुगणाऱ्यांसाठी एक युक्ती : फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत तळा, पाकळ्या काढून टाका आणि ते तेल फोडणीला वापरा. रश्शातून पाकळ्या काढून मात्र उपयोग नाही, फ्रुक्टन रश्शात उतरलेलं असतं. हे तेल त्याच दिवशी संपवा. बाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलात घातक जिवाणू वाढू शकतात. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग चालतो.

*गूळ.* दमेकऱ्यांपैकी काहींना सल्फाइटनं दम लागतो. गुऱ्हाळात गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रोस घालतात, तो यातलाच. काळपट, बिनरसायनाचा गूळ मागा. रंग बघून गूळ घेण्याची आपली सवय इथे उलटी पडते.

पायरी ६ : पाकीट वाचा

एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे आठ गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात : ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे व कवचफळं, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. ‘कंटेन्स’ म्हणजे घातलेलंच आहे. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याच कारखान्यातून लागलेलं असू शकतं. ॲलर्जीवाल्यानं दोन्ही सारखेच समजावेत. तीळ आणि मोहरी या आठांत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते, आणि ‘मसाले’ एवढंच लिहिलेलं असेल तर पाकीट परत ठेवावं. हिरव्या खुणेचा अर्थ मांस-अंडं नाही इतकाच. दूध त्यात असू शकतं. व्हे आणि केसीन हे शब्द दिसले की ते दूधच. सुट्ट्या भडंगाला आणि फरसाणाला लेबलच नसतं.

पायरी ७ : बाहेर आणि पंगतीत

‘मला पथ्य आहे’ असं म्हणू नका. पथ्य म्हटलं की समोरच्याला आग्रह करायला जागा मिळते. ‘ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागतं’ असं सरळ सांगा. आणि ‘शेंगदाणा नको’ हे पुरेसं नाही. भेळवाला वरचे दाणे काढून देईल आणि भडंग तोच राहील. एकेक करून विचारा : “मामा, ह्यात कूट हाय का? तेल शेंगाचं का? चमचा त्योच वापरता का?” उत्तर अडखळत आलं तर खाऊ नका. भजी-वड्याची कढई एकच असते, म्हणून बेसनाची भजी सीलिॲकवाल्याला समोशाच्या तेलातून बाधतात. तालमीतली थंडाई म्हणजे बदाम, खसखस, मगज आणि दूध एकत्र; ॲलर्जीवाल्या पोरानं तिथल्या वस्तादांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा पळा भाजीतून आमटीत आणि आमटीतून भातावर फिरतो, त्यामुळे पहिल्या पंगतीला, भांडी नुकतीच उघडलेली असताना बसणं त्यातल्या त्यात बरं. शिऱ्याचा प्रसाद हातावर घेऊन कपाळाला लावावा आणि शेजारच्याला द्यावा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. शाळेत मात्र डबे वाटून खाल्ले जातात. वर्गशिक्षिकेला पदार्थाचं नाव, लक्षणं, डोस आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद द्या. इंजेक्शनचा डबा ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायला सांगा, आणि ॲम्प्यूलवरचा मुदतीचा महिना घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.